पारखीचे पागोटे

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचे नाव आता कुणाला आठवत नाही आणि त्या नगराच्या जागी रान माजले आहे.

त्या नगरात कुणी नवी इमारत बांधली, की ती तपासायला राजाचा एक माणूस येई. त्याला पारखी म्हणत. पाया, भिंती, कमानी सगळे तो पाही. पण खरी परीक्षा शेवटी असे. छताखालचे लाकडी टेकू काढताना पारखीने बरोबर त्या छताखाली उभे राहायचे. टेकू निघाले आणि छत जागेवर राहिले, तरच त्या घरात दिवा लागे. तुम्हीच सांगा, ज्याला स्वतःला खाली उभे राहायचे आहे, तो किती बारकाईने पाहील!

पुढे एक पारखी फार म्हातारा झाला. त्याला उभे राहवेना. लोक म्हणाले, "बाबा, तुम्ही घरीच बसा. तुमचं पागोटं तेवढं पाठवा, ते छताखाली पाटावर ठेवू. मान तोच." त्याचे वय पाहून राजानेही ते चालवून घेतले. म्हातारा गेला, सवलत मात्र गेली नाही. त्याच्यानंतरचे पारखी चांगले धडधाकट होते, तरी छताखाली पागोटेच जाऊ लागले.

मग एक नवा पारखी आला. हा स्वभावाने भारी घाबरट. भांडे पडले तरी दचकायचा. लोक म्हणत, "पारखीबुवांना मागून हाक मारू नका रे, प्राण जाईल त्यांचा!" तो कसनुसा हसे. पण त्या भीतीमुळेच त्याची नजर तीक्ष्ण झाली होती. दुसऱ्याला भिंत दिसे, याला आधी भिंतीतली चीर दिसे.

त्या वर्षी नगरशेठने जत्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधायला घेतली. काम लांबले. जत्रा तोंडावर आली, तरी कमानींचा चुना ओलाच होता. पारखी शिडीवर चढला. त्याने दगडांच्या सांध्यात नख दाबले. लोण्यात जावे तसे ते आत गेले.

खाली उतरून तो म्हणाला, "शेठजी, टेकू एवढ्यात काढू नका. चुन्याने अजून धरलेलं नाही. पुढच्या अमावस्येपर्यंत थांबा."

"आणि जत्रा काय अमावस्येपर्यंत थांबणार आहे?" शेठजी म्हणाले. "अहो, तुम्हाला पालीचीही भीती वाटते. तुमच्या भीतीवर का नगराचा कारभार चालायचा? पागोटं पाठवून द्या, बाकी आम्ही बघतो."

भोवतीचे सगळे हसले. पारखी मान खाली घालून घरी आला.

"काय करू गं?" त्याने बायकोला विचारले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"भीती वाटते."

"कशाची? छत पडेल याची, की लोक हसतील याची?"

त्याने दाराकडे पाहिले. शेठजींचा माणूस दारात येऊन उभा होता. पारखीने डोक्यावरचे पागोटे उतरवले आणि त्याच्या हातात दिले.

टेकू निघाले. छत जागेवर राहिले. ढोल वाजले, पेढे वाटले गेले, आणि पारखीच्या भित्रेपणाचे नवे किस्से तयार झाले.

त्याच संध्याकाळी जत्रेकरू आले. बायाबापड्यांनी पथाऱ्या पसरल्या, चुली मांडल्या. पारखी मात्र घरातच बसून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून तो धर्मशाळेत गेला. मधल्या कमानीला चीर गेली होती. तिच्यातून चुन्याचे बारीक गोळे टपटप पडत होते.

"बाहेर या! सगळे बाहेर या! पडतंय हे!" तो ओरडला.

"आले घाबरटबुवा," कुणीतरी म्हणाले. हशा झाला. पण चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या एका आजीबाईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले.

"पोरींनो, उठा," ती म्हणाली. "थट्टा करणारा माणूस असा घामाने भिजत नाही."

तिने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि नातवाला काखेत घेऊन ती निघाली. तिच्यामागे बाकीचेही निघाले.

मधल्या कमानीखालच्या धान्याच्या कोठीच्या दाराशी बसलेला रखवालदार तेवढा उठला नाही. पारखीने त्याचा हात धरून ओढला.

"सोडा हो," रखवालदार म्हणाला. "शेठजींनी सांगितलंय, दार सोडायचं नाही. आणि काल पागोटं तुमचंच होतं ना? मग आज काय झालं?"

तेवढ्यात वरून कडाडले. कुणीतरी पारखीला मागे खेचले. धूळ खाली बसली, तेव्हा कोठीच्या जागी दगडांचा ढीग होता. रखवालदार त्याच्याखाली गेला होता.

राजाने शेठजींना आणि पारखीला बोलावले. शेठजी म्हणाले, "महाराज, सगळं रीतीप्रमाणे झालं. पारखीचं पागोटं खाली ठेवलं होतं."

"होय, महाराज," पारखी म्हणाला. "पागोटं होतं. मी नव्हतो."

"तुला धोका ठाऊक होता?"

"होता. पण लोक हसतील म्हणून मी पागोटं देऊन टाकलं. मला या कामातून काढा."

राजाने आधी शेठजींकडे पाहिले. मग म्हणाला, "शेठजी, रखवालदाराच्या घरचा भार जन्मभर तुमच्यावर. त्यांना पक्कं घर बांधून द्या. आणि आजपासून पागोटं चालणार नाही. पारखीने उभं राहायचं, शेजारी घराच्या मालकाने." मग तो पारखीकडे वळला. "तू इथेच काम करशील. तुला पळायला मिळणार नाही, हीच तुझी शिक्षा."

रखवालदाराच्या बायकोचे घर उभे राहिले. टेकू काढायच्या दिवशी पारखी आला. त्याने सांधा न् सांधा पाहिला आणि तो छताखाली जाऊन उभा राहिला. त्याचे गुडघे लटपटत होते. ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"बाई, मला क्षमा करा," तो पुटपुटला.

"क्षमेचं मला अजून ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही थरथरताय, ते राहू द्या. ते थांबलं, तर या नगराला तुमचा काही उपयोग नाही."

मग तिने गवंड्यांना हाक दिली, "काढा टेकू."

तात्पर्य: ज्या छताखाली उभे राहण्याची आपली स्वतःची तयारी नाही, त्याखाली दुसऱ्याला निर्धास्त राहा असे कधी सांगू नये.