सेक्शन केवढा असावा

"...आणि म्हणे दातीर मॅडमनी जुन्या चिपचा तो आकडा एका दमात सांगितला, अन् जगातल्या एकूण एक यंत्राला तो असा काही चपखल..."

लिफ्टचं दार लागलं. पुढचं वर गेलं.

आता मला चैन कुठलं पडायला? प्रमिला दातीर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कॉम्प्युटर चालू केला की त्याच्या आत सगळ्यांत आधी जे जागं होतं, त्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमधल्या मेमरीचं काम बाईंनी तीस वर्षं केलं. लांबलांबची मुलं त्यांच्याकडे शिकायला येतात. मी अळूवड्यांची ताटली उचलली आणि जिन्याने वर गेले.

लिफ्टमधे फोनवर बोलणारा तोच मुलगा आत बसला होता. निनाद घोलप, पुण्याचा. आपलं मोठं यंत्र समोर मांडून ताठ बसला होता.

मेमरी म्हणजे मोठं रान, कर्नल त्याचे सारख्या आकाराचे वाटे पाडतो. एका वाट्याला म्हणतात सेक्शन. नव्या चिपसाठी हा वाटा केवढा असावा, ते निनादने अकरा महिने खपून ठरवलं होतं. ते काम पाठवायच्या पत्राखाली मंजुरी म्हणून मॅडमचं नाव लागलं तर ते काम त्याच्या नावाने जगभर जाणार. नाही लागलं तर अकरा महिने पाण्यात. एवढं मला दारातून सोफ्यापर्यंत पोचेस्तोवर कळलं.

"एक जीबीचा सेक्शन," तो म्हणाला. "वाटे मोजकेच, यादी छोटी. माझं यंत्र इतक्या लवकर कधीच जागं झालं नव्हतं."

मॅडमनी विचारलं, सगळ्यांत लहान कुठल्या यंत्रावर चालवून पाहिलंस.

तो हसला. लहान यंत्रं आता वापरतं कोण, म्हणाला.

बाई उठल्या. कपाटातून जेवणाच्या डब्याएवढी पेटी काढली. चिप तीच, नवी. ही पेटी नदीकाठी खांबावर बसवतात. पाणी चढलं की गावाला इशारा देते. मेमरी सगळी मिळून एकशेअठ्ठावीस एमबी, तीही चार तुकड्यांत, एकेक तुकडा दुसऱ्यापासून कोसभर लांबच्या पत्त्यावर.

"तुझा कर्नल हिच्यात घाल."

त्याने घातलं. पडद्यावर चार ओळी आल्या...

पाचवी आलीच नाही.

बिघडली का हो, मी विचारलं. निनाद कागदावर काहीतरी मांडत होता. मग माझ्याकडे न बघताच सांगायला लागला. मेमरीची बारीक पानं असतात, दर पानामागे एक चिठ्ठी. सेक्शन घेतला की त्यातल्या सगळ्या पानांच्या चिठ्ठ्या आधीच करून ठेवायच्या. एका जीबीच्या चिठ्ठ्यांना सोळा एमबी जागा लागते. इथे चार तुकडे चार सेक्शनांत पडले...

"चौसष्ट," तो म्हणाला. "अर्धी मेमरी चिठ्ठ्यांतच गेली."

"अरे, पण पानं तर थोडीच आहेत ना तिथे?"

"जी पानं नाहीतच, त्यांच्याही चिठ्ठ्या होतात, काकू."

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. असलेली पानं तेहतीस हजारसुद्धा नव्हती. चिठ्ठ्या दहा लाखांवर.

एवढीशी पेटी, आणि तिच्या पोटात नसलेल्या जागेच्या दहा लाख चिठ्ठ्या. त्या ठेवण्यातच असलेली अर्धी जागा गेली, उरलेली पुरेना, आणि नदीकाठचा खांब मुका झाला.

निनाद हट्टाला पेटला. सेक्शन एकदम एक एमबीचा केला. आता काही वाया जायला नको.

ह्या वेळी तर कर्नल तयारच होईना. दर चिठ्ठीवर तिच्या वाट्याचा नंबर लिहावा लागतो, आणि वाटे इतके झाले, की तो नंबर चिठ्ठीवर मावेना.

मॅडम अळूवडी खात होत्या. चिंच छान पडलीय म्हणाल्या, मला.

"मग बरोबर आकडा कोणता, मॅडम?"

त्यांनी हात पुसले, ती पेटी उचलली आणि त्याच्या मोठ्या यंत्राच्या कडेला कड लावून ठेवली. दोन्हींच्या पुढे, मधोमध, कीबोर्ड सरकवला.

तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे...

पाचशेबारा एमबी लिहिलं. पेटी जागी झाली, पण इशारा द्यायला पुरेशी जागा उरली नव्हती. खोडलं. दोनशेछप्पन्न लिहिलं.

पेटीवर हिरवा दिवा लागला, आणि टिकला. त्याचं मोठं यंत्रही जागं झालं, पण मघापेक्षा जरा उशिरा. त्याचा चेहरा उतरला. पत्रात वरच, ठळक अक्षरांत, 'आजवरचं सगळ्यांत वेगवान' अशी ओळ होती. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

मग स्वतःच ती ओळ पुसली.

मॅडमनी कीबोर्ड ओढला आणि पत्राखाली आपलं नाव घातलं.

त्याचे डोळे भरून आले होते. मी तिकडे बघितलं नाही. पण जीभ काही आवरेना.

"ताई, जुन्या चिपचा तो आकडा तुम्ही एका दमात सांगितला होतात, हे खरं का हो?"

"खरं आहे."

निनादने मान वर केली. "आणि तो प्रत्येक यंत्राला चपखल बसला?"

मॅडम त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या...

"एकालाही नाही."