सळई आणि चार टोकांची चकती

फार जुनी गोष्ट. जपानातल्या एका डोंगरगावात गेन्साई गुरुजींच्या पेटीत दोन फेकशस्त्रं राहत. एक चार टोकांची पोलादी चकती, दुसरी एकाच टोकाची वीतभर सळई. गुरुजी थकले, शिष्य पांगले, आणि सळई जुन्या सकाळी आठवत पडून राही. फेकण्याआधी गुरुजी तिला तळहातावर निजवत, वरून अंगठा अलगद टेकवत.

चकती फणकारे, "एवढे लाड कशाला? मला कसंही फेका, एक टोक रुततंच. तू मात्र हात जरा चुकला की आडवी आपटतेस."

"खरंय बाई," सळई म्हणे. "म्हणून तर ते रोज माझ्यासाठी हात घटवत."

गुरुजींची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी पेटी लोहाराला वितळवायला द्यायचं ठरवलं. देण्याआधी एकदा आत हात घातला. चकती बोटाला टोचली, त्यांनी ती बाजूला सारली. मग सळई लागली. तळहात आपसूक उघडला, अंगठा नेमका जागेवर टेकला.

"अगं, तू होय!" गुरुजी हसले.

लोहार पेटी उचलून निघाला. आतून चकतीने विचारलं, "फेकलं का गं तुला?"

"नाही," सळई म्हणाली. "नुसतं धरून बसलेत."