ओहोटीची रांग

त्या किनाऱ्यावर कुणाचंच अंग एका मापाचं राहत नसे, आणि शंख मात्र जसेच्या तसे राहत. शंखात राहणाऱ्या खेकड्यांची ती वस्ती. मऊ पाठ उघडी दिसली की बगळा टिपून नेई. नवे शंख मिळत ते फक्त खडकाखालच्या माकूलशेठकडे. माल चकचकीत, आणि भाव ठरलेला: एका शंखाला एक पाय.

पोवळीचं अंग त्या वर्षी सुटत चाललं होतं. शंख काचे, आणि अर्धी पाठ बाहेर राही.

"अगो, शेठकडून एक घेऊन टाक की!" शेजारची चंद्रावळ म्हणाली. तिने स्वतः तीन घेतले होते. तिसरा आणायला ती बिचारी फरफटत गेली होती.

"आज पाय देईन, आणि महिन्याने तोही घट्ट झाला म्हणजे?" पोवळी म्हणाली. "माझं माप अजून थांबलंय कुठे? नाही देणार जा!"

दुसऱ्या दिवशी बगळ्याची चोच तिच्या पाठीला घासून गेली. ती पार घाबरली. मग उठली आणि बिळाबिळातून एकच प्रश्न विचारत हिंडली, "तुमचा तुम्हाला होतो का नीट?"

"आमची मापं काढणारी तू कोण गो?" असं म्हणून आधी सगळे फणकारत. मग हळूच सांगत, की घट्ट होतो, फार घट्ट होतो.

पोवळीने त्यांना ओहोटीच्या ओल्या वाळूत उभं केलं, थोरल्यामागे धाकटं. पुढच्याचा शंख मागच्याला अगदी मापाचा. फक्त सगळ्यांत पुढे एक मोठा शंख रिकामा हवा होता. तेवढा मोठा एकच होता, वस्तीच्या म्होरक्याचा, तांडेल आबांचा. त्या शंखाला सारी वस्ती वाकून नमस्कार करी.

"आबा, तुमचा द्याल का?"

"काय बोलतेस! मलाच तो पुरत नाही," आबा आतून गरजले. "तांडेलाचं अंग आहे हे!"

रांग चुळबुळली. वर बगळा घिरट्या घालू लागला. दोघे-तिघे मागे सरकले.

पोवळी मात्र शंखातून बाहेर आली आणि उघड्या पाठीने आबांसमोर उभी राहिली. "या शंखात मी परत मावणार नाही, आणि पाय तर मी देणार नाही. मी इथेच उभी आहे, आबा."

बगळा खाली उतरला. एक पाऊल पुढे आला. आणखी एक आला.

"आत जा, पोरी!" आबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. पोवळी हलली नाही.

तेव्हा त्या थोरल्या शंखाच्या तोंडातून शेवाळाचा एक बोळा बाहेर पडला. मग दुसरा. मग बोळ्यांचा ढीगच. त्या ढिगाखालून आबा बाहेर आले, केवढेसे, चिंचोक्याएवढे. कुणाकडेही न बघता ते रांगेच्या शेवटाकडे तुरुतुरु निघाले.

"चला!" पोवळी ओरडली. सारी रांग एकदम शंखाबाहेर आली आणि एकेक घर पुढे सरकली. बगळ्याची चोच पोवळीच्या नव्या शंखावर टणकन आपटली.

शेवटी सगळ्यांत लहान शंख वाळूत उरला होता. आबा त्यात पाठमोरे शिरले, जरा हलून बसले. शेवाळाची एक काडीही आत मावली नसती.