खिळ्यांचा कडुनिंब

वाकळबुवा महाराज त्या उन्हाळ्यात सावरवाडीच्या राममंदिरात उतरले होते. कमरेला लंगोटी आणि अंगावर ठिगळांची एक वाकळ, एवढाच त्यांचा संसार. रामनवमी तोंडावर आली होती आणि देवळातला जुना पाळणा वाळवीने खाऊन टाकला होता.

त्याच सुमारास वावटळीत ठकूबाईच्या अंगणातला कडुनिंब उन्मळून पडला. ठकूबाई एकटीच. नवरा आधी गेला, आणि मागे राहिलेला एकुलता एक सोनबाही चालता-बोलता होताच तापाने गेला. गावात एक रीत होती. लेकराला ताप भरला की आईने त्याच्यावरून खिळा ओवाळायचा आणि दारच्या कडुनिंबात ठोकायचा. ताप तिथेच जखडून राहतो, असं म्हणत. सोनबा सदा तापाने फणफणलेला. माउलीने खिळ्यामागून खिळे ठोकले. झाडाने ते सगळे पोटात घेतले, वरून साल धरली. पोर मात्र राहिलं नाही. मरणाला का कुठे खिळा बसतो!

पडलेल्या झाडापाशी ती पोटभर रडली. मग उठून देवळात गेली आणि महाराजांच्या पायाशी बसली.

"देवा, याचं सरपण करायला जीव धजत नाही. फळ्या पाडून रामाचा पाळणा होईल का हो?"

महाराज म्हणाले, "रंभाजीला विचार, बये. लाकडातलं मला काय कळतं?"

रंभाजी मिस्त्रीसारखा सुतार पंचक्रोशीत नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. तो आला. लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीने ओंडका ठोकला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "लाकूड भरीव आहे. पोकळ नाही, कीड नाही." ठकूबाईचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्याने थोडी साल सोलली आणि आत गंजाचे काळे डाग दिसले. तसा तो मोठ्याने हसला.

"अगं, हे झाड आहे की लोहाराचं दुकान? पहिल्याच ओढीला माझ्या करवतीचे दाते पडतील. आणि ज्या दारात पोर जगलं नाही, त्या दारचं लाकूड रामाच्या पाळण्याला? फोड आणि घाल चुलीत!"

जमलेली माणसं खाली पाहू लागली. ठकूबाईने तोंडात पदर कोंबला आणि ओंडक्यावर हात टाकून तशीच बसून राहिली. सोनबाला दुसऱ्यांदा उचलून नेताहेत असं तिला वाटलं.

महाराज कधी येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नाही. त्यांनी अंगावरची वाकळ काढली, आजारी लेकरावर घालावी तशी ओंडक्यावर घातली, आणि ऊन उतरेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले. उठताना म्हणाले, "रंभाजी, सकाळी करवत लाव. एक जरी दाता पडला, तरी हा ओंडका मीच फोडून देईन." मग वाकळ अंगाभोवती लपेटून ते देवळाकडे गेले. चालताना त्यांचा तोल जात होता.

सकाळी रंभाजी आणि त्याचा भाऊ करवतीच्या दोन टोकांना बसले. रंभाजीने मुद्दामच डागाच्या रेषेवर करवत धरली. पण करवत कुठे अडली नाही. फळी सुटून पडली. तिच्यात काळ्या कडांची भोकं होती, लोखंड नव्हतं. दुसऱ्या फळीचंही तेच. रंभाजीने भोकांत बोट घालून पाहिलं आणि तो ओरडला, "खिळे गेले कुठे?"

सगळे देवळाकडे धावले. महाराज वाकळीखाली कुडकुडत पडले होते. ठकूबाईने त्यांच्या कपाळाला हात लावला. तो ताप तिच्या ओळखीचा होता. पांघरूण सारखं करायला तिने वाकळ उचलली, तसे गंजलेले खिळे खणखणत फरशीवर पडले.

मग मात्र तिचा बांध फुटला. "अहो देवा, माझा सोनबा तापाने जळत होता, तेव्हा कुठे होता तुम्ही?"

लोक चपापले. महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "नाही पोचलो गं, बये. का, ते मलाही माहीत नाही. मी रामाला रोज हेच विचारतो."

रंभाजीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज एवढंच म्हणाले, "माझ्या पाया पडून काय होणार? पाळणा कर."

ठकूबाईने महाराजांच्या उशाशी बसून ओल्या पट्ट्या ठेवल्या, पूर्वी ठेवत असे तशाच. या वेळी ताप उतरला. उतरला तशी ती पुन्हा रडली.

रामनवमीला भर दुपारी नवा पाळणा टांगला. रंभाजीने एकही भोक बुजवलं नव्हतं. पहिला झोका लेकुरवाळीने द्यायचा, असा गावचा नेम. लेकुरवाळ्या पुढे सरसावल्या. रंभाजीने त्यांना थांबवलं, मागे खांबाला टेकलेल्या ठकूबाईला पुढे आणलं आणि दोरी तिच्या हातात दिली. तिने पाळणा म्हणायला सुरुवात केली, पण रामाचं नाव घ्यायच्या जागी तिच्या तोंडून सोनबाचं नाव गेलं. ती थबकली.

महाराज म्हणाले, "म्हण, बये. तेच म्हण. रामाला चालतं."

ती सोनबाचं नाव घेऊन झोका देत राहिली. रंभाजी मिस्त्री सगळ्या गावादेखत खाली वाकला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं टेकवलं. पाळणा म्हणून संपेपर्यंत त्याने ते उचललं नाही.