चांदबीच्या रानातली माती

“मग पिवळं का पडलं?”

त्र्यंबकनं हातातलं रोप म्हाळूबाबाच्या नाकापुढं धरलं. करंगळीएवढं रोप. बरसीमचं, गाईंच्या हिरव्या चाऱ्याचं. पान मेथीवानी, पन रंग हळदीच्या नवरदेवाचा.

म्हाळूबाबा गाईच्या मानेखाली खाजवत व्हता. त्यो काय रोपाकडं बघंना. गायच बघाय लागली.

“बी चांगलं होतं, बाबा. मिठाच्या पाण्यात टाकून तणाचं हलकं बी वर काढलं. वाफे केले, वाफ्यात पाणी उभं केलं, मग बी फेकलं. निम्मं उभं, निम्मं आडवं. पुस्तकात आहे अगदी तसं.”

“पुस्तक हिरवं हाय का?”

त्र्यंबकनं रोप खाली घेतलं.

“न्हाई, इचारलं आपलं.”

ही गोष्ट मोटेच्या काळातली. तवा मोटेवरल्या गड्यानं गानं म्हनलं की चार शिवारांना ऐकू जायचं. दिवाळी आली की थंडी आशी पडायची, बोलनाऱ्याच्या तोंडातनं धूर निघायचा. पोरं बिडी न वढता बिडीचा रुबाब करून घ्यायची. आता त्र्यंबकच्या तोंडात दात उरले न्हाईत, आन् थंडीच्याबी तोंडात उरले न्हाईत. तवा दोघांनाबी व्हते.

त्र्यंबक शेतकी शाळेत पयला आलेला. डोक्यावर पांढरी टोपी, आन् टोपीखाली त्यो पयला नंबर, हलू नये म्हनून दाबून बसवलेला. घरदार सोडून मठात आला त्यो मंत्र घ्यायला.

मठ तरी कसला? डोंगराच्या कुशीत चार खोल्या, येक धुनी आन् सात गाई. बाबा आदी मेंढरं राखायचा. त्येनं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, “उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या गाई सुकं काड चघळत्यात. ह्या अर्ध्या एकरात त्यांना हिरवं उभं करून दाव. मंग तुझ्या कानात मंत्र सांगतो.”

त्र्यंबक मनात हासला. लोकं मंत्रासाठी बारा वर्सं धुनी फुकत्यात. आपल्याला अर्धा एकर गवतात मिळतोय!

दसऱ्याला पेरलं. दिवाळीला पिवळं पडलं.

बाबानं गाईला सोडलं आन् त्र्यंबकला घिऊन बांधावर गेला. बांधापल्याड चांदबीचं रान. चांदबी सत्तरीची, येकली, दारात चार शेळ्या. तिचं बरसीम गुडघ्याएवढं उभं. नुसतं बघितलं तरी डोळ्याला गारवा.

बाबानं तिच्याकडलं येक रोप मुळासकट उपटलं. मुळाला बारीक बारीक गाठी, बाजरीच्या दान्याएवढ्या. त्येनं येक गाठ नखानं फोडली. आत लाल.

मंग त्र्यंबकच्या रोपाचं मूळ बघितलं. धुतल्यावानी पांढरं. गाठ न्हाई, काय न्हाई.

“हे मला माहीत आहे!” त्र्यंबक वरडला. “हे जिवाणू, गाठीत राहून पिकाला पोसतात! नव्या रानात नसतात. पुण्याला पत्र टाकतो. जिवाणूंचं पाकीट येईल.”

“कवा?”

“महिन्याभरात.”

“तवर निम्मी थंडी जाईल. थंडी गेल्यावर हे गवत कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई.” बाबानं चांदबीच्या छपराकडं हनवटी केली. “तिच्याकडनं टोपलंभर माती आन.”

त्र्यंबकनं टोपलं उचललं न्हाई.

कारन आसं, की पावसाळ्यात चांदबीच्या शेळ्या मठाच्या रानात शिरल्या व्हत्या. आन् ह्या पठ्ठ्यानं त्या हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातल्या व्हत्या. कायद्यानं. म्हातारी दिसभर कोंडवाड्याच्या फाटकाला धरून उभी व्हती.

“दुसऱ्या कुणाकडून आणली तर?”

“दुसऱ्या कुनाच्या रानात बरसीम हाय?”

मंगळवारी बाजार. चांदबी बाजाराला गेली, आन् त्र्यंबक टोपलं घिऊन बांधावर. घाईघाईनं कडंचीच माती खनली. पुस्तकात चोरी बसत न्हाई, म्हनून ‘नमुना घेतला’ आसं मनाला सांगितलं.

मठात आनून बघतो तर मातीत शेळ्यांच्या लेंड्या, काड्या, वळवळ्या आळ्या. त्येनं ती चाळनीनं चाळली. पत्र्यावर पसरली. आठ दिस कडक उन्हात तापवून शुद्ध केली. आसला सोवळा चोर त्या मुलखात ना आदी झाला, ना मागनं.

बाबा समोर शेंगा फोडत बसायचा.

“वाळली का रं?”

“छान वाळली, बाबा.”

“वाळंल, वाळंल,” म्हनायचा आन् शेंग तोंडात टाकायचा.

पिवळं मोडून त्र्यंबकनं परत पेरलं. बियासंगं ती शुद्ध माती फेकली.

मार्गशीर्ष निम्मा सरला. रान परत हळदीला बसलं.

ह्या खेपेला त्र्यंबक बांधावर बसून राह्यला. मागं सात गाई हंबरत व्हत्या. त्यांचं वैरनीचं काड उंदरानं कुरतडल्यावानी कमी कमी हुत चाललं व्हतं. बाबा यिऊन शेजारी टेकला.

“पाकीट आलं का पुन्याचं?”

“नाही.”

“मंग?”

“...जातो, बाबा.”

चांदबी इळ्यानं बरसीम कापत व्हती. तिनं मान वर केली न्हाई.

“या म्हाराज! आज मी घरी हाय. बाजार मंगळवारी आसतोय.”

त्र्यंबकचे कान तापले.

“बांधाला टोपल्याएवढं भगदाड पडलंय. घूस म्हनावं, तर घूस येवढी नीट कडा कापत न्हाई. शिकलेली घूस दिसतीय.”

“मावशी... मीच नेली.”

“शेळ्याबी तूच नेल्या व्हत्या.”

“मीच.”

“कोंडवाडा गळतोय. माझी गाभन शेळी दिसभर भिजली.”

इळा थांबला. कुठंतरी लांब मोटेचं पानी थारोळ्यात पडल्याचा आवाज आला.

“चुकलं माझं, मावशी.”

म्हातारीनं पेंढी बांधली. दुसरी बांधली. मंग म्हनली, “आता काय पायजे?”

“माती.”

“येकदा नेलीस की.”

“लागली नाही.”

“आसं कसं? काय केलंस तिचं?”

त्र्यंबकनं सांगितलं. चाळनी. पत्रा. आठ दिस.

चांदबी आशी हासली की डोक्यावरला पदर खांद्यावर आला आन् ती मटकन खाली बसली.

“उन्हात? आरं, ती माती हाय का कुरडई? तिच्यात जीव आसतोय, लेकरा! ऊन खाल्लं की मरतोय. आन् बांधावरची कशाला नेलीस? बांधावर नुसतं कुसळ. हितनं घे, मुळाखालची.”

तिनं सोताच खुरपं घेतलं. वल्ली, काळी माती टोपल्यात भरली. लेंड्यांसकट, आळ्यांसकट. वर भिजलेलं पोतं झाकलं.

“आता परत पेरू नको. उभ्या पिकातच टाक, पन दिस बुडल्यावर. आन् लगोलग पानी सोड. इसरशील?”

“नाही.”

“उचल मंग. डोक्यावर घे. चुंबळ कुठाय?”

चुंबळ न्हवती. त्र्यंबकनं जरा इचार केला. टोपी काढली, पिळली, गोल केली आन् डोक्यावर ठिवली. त्येच्यावर टोपलं. वल्ल्या मातीचं पानी कपाळावनं नाकावर आलं, नाकावनं व्हटावर. हात टोपल्याला गुतलेले, पुसनार कशानं?

तसाच चालत आला.

पुढं काय झालं ते गावातल्या म्हाताऱ्यांना इचारा, उरल्यात त्येवढ्यांना. पयलं पंधरा दिस काय न्हाई. मंग येके सकाळी त्र्यंबक दव तुडवत गेला, तर मधल्या वाफ्यात थाळीएवढा हिरवा डाग. दुसऱ्या दिशी परातीएवढा. माघात सगळा तुकडा हिरवा झाला. पयली कापनी झाली, त्या सांजंला कापल्या बरसीमचा वास धुनीपतुर आला, आन् सात गाई हिरवं खाताना जो कर्रकर्र आवाज झाला, त्यो ऐकत त्र्यंबक जेवाय इसरला. आजबी, घरला परतून म्हातारा झालेला त्र्यंबक जेवताना मधीच थांबतो. सुना म्हनत्यात, मामांजी, घास का थांबला? त्यो काय सांगत न्हाई.

दुसऱ्या दिशी त्यो न्हाऊन, धुतलेलं नेसून बाबापुढं बसला.

“बाबा, एक विचारू? पत्र्यावर माती वाळत होती, तेव्हा तुम्ही समोर शेंगा खात होतात. तुम्हाला ठाऊक होतं, ऊन लागलं की मरतं.”

“व्हतं की.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू कुठं इचारलंस? मी इचारलं वाळली का, तू म्हनलास छान वाळली.”

त्र्यंबक हासला. बऱ्याच दिसांनी हासला. मंग म्होरं सरकला, डोळं मिटलं, उजवा कान बाबाच्या तोंडाजवळ नेला.

“हिरवं उभं केलं, बाबा. आता मंत्र सांगा.”

बाबानं कानात डोकावलं. फुंकर मारली. कायतरी उडालं.

“बाबा, चेष्टा नको.”

म्हाळूबाबा बांधापल्याड बघत व्हता. तिथं चांदबी वाकून बरसीम कापत व्हती.

“माझ्याकडं कुठला आलाय मंत्र? मीबी त्यो तुझ्यावानी तिच्याकडनंच मागून आनला व्हता.”