अक्षता वाहिलेला लॅपटॉप

विषय : लॅपटॉप सुरू न होणे व त्यावरील उपाय.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, एकदा एक वृद्ध कारागीर जिल्ह्याच्या गावी यंत्रे दुरुस्त करीत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्याची तीन प्रमाणपत्रे दुकानाच्या भिंतीवर काचेत लावलेली होती. वृद्धाकडे लावण्यासारखे काही नव्हते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, ग्रंथपाल कुमुदिनी बेलसरे लॅपटॉप छातीशी धरून आल्या. वाचनालयाचा दर्जा वाढवून मिळावा, म्हणून आठ महिने खपून केलेला प्रस्ताव त्यात होता. दुसरी प्रत नव्हती. कार्यालयात तो पाचच्या आत द्यायचा होता; नाहीतर थेट तीन वर्षांनी.

शिष्याने बटण दाबले. दिवा लागला आणि विझला.

"मदरबोर्ड गेला, मॅडम. पुण्याला पाठवावा लागेल. आठ दिवस."

"अहो, मला आज पाचला द्यायचंय!"

"ते मदरबोर्डाला सांगा."

वृद्ध उठला. त्याने लॅपटॉप नाकाशी नेला आणि शांतपणे वास घेतला. शिष्याने मान फिरवली. गिऱ्हाइकासमोर गुरूचे वय दिसू नये, एवढी निष्ठा त्याच्याजवळ होती.

"बाई, बंद पडण्याआधी काय केलंत?"

"काही म्हणजे काही नाही हो."

"आणि खंडेनवमीला?"

"पूजा केली. ती काय, दरवर्षीच करतो. गंध, अक्षता, वर झेंडूचं फूल."

वृद्धाने लॅपटॉप वर्तमानपत्रावर पालथा धरला आणि बटणाच्या फटीत सुई फिरवली. तांदळाचा एक दाणा खाली पडला. तो गंधाने चिकटून बसल्यामुळे बटण दाबलेलेच राहत होते. बटण दाबून धरणे ही बंद होण्याची आज्ञा असल्याने यंत्र बिचारे सुरू होऊन लगेच आज्ञेप्रमाणे बंद होत होते. फट पुसून वृद्धाने बटण दाबले. पडदा उजळला. बाईंनी प्रस्ताव छापून घेतला आणि चपलेचा पट्टा न लावताच धावल्या.

"पण त्या तर म्हणाल्या, काही केलं नाही!" शिष्य म्हणाला.

"खोटं नाही बोलल्या. माणूस भक्तीने जे करतो, ते काही केलं असं त्याला वाटतच नाही. म्हणून काय केलंत एवढं विचारून भागत नाही. अख्खा दिवस विचारावा लागतो. मला चंदनाचा वास आला, मी विचारलं. तुझं उत्तर आधीच तयार होतं, मग विचारणार कशाला?"

थोड्या वेळाने एक व्यापारी बंद पडलेला संगणक घेऊन आला. शिष्याने त्याच्यापुढे स्टूल सरकवले आणि म्हणाला, "बसा काका. काल सकाळपासून सांगा."

ग्रंथपालांचा प्रस्ताव त्याच दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी दाखल झाला व त्याची रीतसर पोच मिळाली. त्यास आता सात महिने झाले. प्रस्ताव विचाराधीन आहे.