न घासलेली कड

"बुजवून टाकू ना, वस्ताद?"

शिरीषनं विचारलं ते अशा सुरात, की उत्तर त्याच्या खिशातच होतं. सल्ला त्याला नकोच होता. होकार हवा होता.

शांतवन वस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. भिंगारच्या छावणीबाहेर त्यांनी उभा जन्म पत्र्याचं काम केलं. वस्तादांच्या हाताखालून गेलेला पत्रा सासरी सुखात नांदतो, असं तिकडचे गॅरेजवाले म्हणायचे. आता नजर अधू झाली होती. बोटं मात्र शाबूत होती.

"काय बुजवायचंय?"

"भोकं. ट्रेलरची."

"पाडली कुणी?"

शिरीष अंगणातल्या जीपकडे बघत राहिला. जीपमागं ट्रेलर जोडलेला होता आणि ट्रेलरवर ताडपत्री आवळलेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही असं बघून, पहाटेच त्यानं तो आणला होता. एरवी हाच गडी आपली गाडी भर बाजारातून हॉर्न वाजवत न्यायचा.

"मी," तो म्हणाला.

"हं..."

शिरीष बोठे हा वस्तादांचाच चेला. मिसरूड फुटायच्या आत आला, हात शिकला आणि सोलापूर रोडला स्वतःची शेड टाकून बसला. लष्कर लिलावात काढतं त्या जुन्या जीपा नि ट्रेलर घ्यायचे आणि पहिल्या दिवशी होते तसे उभे करायचे, हा त्याचा धंदा. हात सोन्याचा. पण नाव झालं आणि त्याच्या टाचा जमिनीला लागेनात. कैक दिवाळ्या गेल्या, नाताळ गेले, वस्तादांच्या अंगणात तो फिरकला नाही. आज अडला म्हणून आला, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बस. सांग."

सांगायला तोंड नव्हतं, तरी त्यानं सांगितलं.

ट्रेलर साधाच होता. लढाई त्यानं बापजन्मात पाहिली नव्हती. छावणीच्या भटारखान्याला कांदे-बटाटे वाहण्यात त्याची हयात गेली होती. शिरीषनं त्याच्या चाकांना नवा आस घातला, बाजूचे पत्रे सरळ केले, रंगाची छटा जुळवायला जिवाचं रान केलं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेऊन लावला. लोक यायचे, "छान आहे" म्हणायचे आणि पुढं जायचे. शेजारच्या जीपपाशी मात्र ही गर्दी. तिच्या काचेला म्हणे लढाईत तडा गेला होता.

शिरीषच्या पोटात दुखलं. दुखणारच. रात्रंदिवस मर मर मरावं आणि लोकांनी तडा बघायला जावं.

पुढच्या प्रदर्शनाआधी त्यानं ट्रेलरच्या पत्र्यात ड्रिलनं भोकं पाडली. हातोडीनं कडा आत वळवल्या. मिठाचं पाणी मारून गंज चढवला. आणि शेजारी पाटी लावली, की एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळा नेताना ह्या गोळ्या लागल्या.

"जमलं होतं का?" वस्तादांनी विचारलं.

"हुबेहूब." शिरीषच्या तोंडून गेलं, आणि पाठोपाठ त्याचे कान तापले.

"मग?"

"मग झुंबरबाई आल्या."

झुंबरबाई पारनेरकडची म्हातारी. नातीनं हौसेनं प्रदर्शन बघायला आणली होती. तिचा नवरा लष्करात ड्रायव्हर होता. एकाहत्तरला सरहद्दीवर गेला. घरी तार आली, तिच्यामागनं ट्रंक आली, माणूस काही आला नाही. त्याला कुठं लागलं, कसं लागलं, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही. भरल्या घरात सुनेनं विचारायचं तरी कुणाला?

नातीनं पाटी वाचून दाखवली. म्हातारी चपला काढून ट्रेलरपाशी गेली. एका छिद्रावर बोट ठेवलं. मग ते हळूच आत सरकवलं आणि तशीच उभी राहिली.

"एवढंसंच असतंय व्हय रं?" तिनं शिरीषला विचारलं.



तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण भोवती माणसं होती, कुणी फोनवर फोटो काढत होतं. ह्या बहाद्दरानं हात जोडले आणि मान खाली घातली. सुतकात सामील झाल्यासारखी.

"आन् मग काय झालं?" वस्ताद.

"मग त्या माझ्या पाया पडल्या."

वस्तादांनी काठी जवळ ओढली.

"मागं सरायला हवं होतं मी. सरलो नाही. माझ्या आजीच्या वयाची बाई, वस्ताद. म्हणाल्या, लेकरा, आमच्या मालकाचं तू जपलंस. आम्हा घरच्यांना न्हाई जमलं." शिरीषनं जमिनीवरचा खडा उचलून पुन्हा टाकला. "लाज वाटते हो. घास गिळवत नाही. बायको विचारते काय झालं, तर तिच्याकडे बघवत नाही मला."

"बरं."

"आणि परवा झुंबरबाई माझ्या शेडवर येणारेत. मालकांची तिथी आहे. लेकी-जावई घेऊन, ट्रेलरवर फुलं वाहायला."

"म्हणून बुजवायची."

"हो. आज बुजवतो, रंग मारतो. परवापर्यंत वाळेल. आल्या की सांगतो, आजी, तो ट्रेलर पुण्याला गेला, मोठ्या संग्रहालयात ठेवणारेत. हा दुसरा. त्यांनाही बरं वाटेल." तो थांबला. "पुन्हा जन्मात असलं काम करणार नाही. तुमची शपथ."

"माझी कशाला? मी आधीच म्हातारा."

शिरीषला हसू आलं नाही.

"खरं सांगून टाक की तिला."

"खरं ऐकून ती मरेल, वस्ताद."

"ती मरेल, का तू?"

...

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शिरीष त्यांच्याकडेच बघत बसला. दुसरीकडे बघायला त्याला जागा नव्हती.

"ताडपत्री काढ," वस्ताद म्हणाले.

शिरीषनं दोर सोडले. ट्रेलर उघडा पडला. वस्ताद बाजेवरून उठले, काठी टेकत आले आणि पत्र्यावर तळवा ठेवून चालत राहिले. जनावर विकत घेताना पाठीवरून हात फिरवतात, तसे.

"काम चांगलं केलंस," ते म्हणाले. "सांधा लागत नाही हाताला."

ही शाबासकी शिरीषला एके काळी हवी होती. आज ती अंगावर आली.

"बोट कुठं ठेवलं तिनं?"

शिरीषनं वस्तादांचा हात धरला आणि त्या छिद्रावर नेऊन टेकवला. वस्तादांनी कडेवरून अंगठा फिरवला. मधेच थांबले. अंगठा डोळ्यांजवळ धरून बघितला. बारीकशी लाल रेघ उमटली होती.

"कड घासली नाहीस."

वस्तादांचा हा पहिला धडा. पत्र्याला काप, वाकव, वाटेल तिथं भोक पाड, पण कड घासल्याशिवाय तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. शिकाऊ असताना शिरीषनं महिनोन् महिने दुसरं काही केलंच नव्हतं. कडा घासून घासून तळहाताला घट्टे पडले होते, आणि तेव्हा तो वस्तादांना मनातल्या मनात शिव्या घालायचा.

"घासली असती तर..." शिरीष अडखळला. "घासली असती तर खरं वाटलं नसतं."

"तिला लागलं का?"

शिरीष ताडपत्रीचा दोर गुंडाळू लागला.

"लागलं का, शिऱ्या?"

"लागलं. रक्त आलं. मी रुमाल काढला, तर म्हणाल्या, राहू दे, आमच्या मालकापुढं हे काय."

वस्तादांनी पत्र्यावरचा हात काढला नाही. शिरीष रडत होता. इतका मोठा बाप्या, पण त्यानं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"पेटीतली कानस आण," वस्ताद म्हणाले. "बारीक दाताची. गोल."

शिरीषला हायसं वाटलं. म्हणजे वस्ताद कामाला लागले. रागावले असतील, पण सांभाळून घेतील. डाग लावायचा, म्हणजे भोकावर चकती जोडायची, तर आधी गंज खरवडावाच लागतो. तो लगबगीनं वस्तादांच्या जुन्या शेडमध्ये गेला, कानस आणून त्यांच्या हातात दिली आणि स्वतः पत्र्याचा तुकडा शोधून त्याच्या चकत्या कापायला बसला.

कानस चालू लागली. खर्र... खर्र...

चकत्या कापून झाल्या. शिरीषनं जीपमधून आणलेला वेल्डिंगचा गॅस पेटवून बघितला, ज्योत बारीक केली, पुन्हा विझवली. वस्ताद अजून त्याच एका छिद्रापाशी होते. गंज खरवडून झाला होता. तरी लहान पोराची नखं काढावीत तशा बेतानं ते कड घासत होते. जरा घासायचे, फुंकर मारायचे, आपलं बोट आत घालून गोल फिरवायचे. कुठं खुपलं की पुन्हा घासायचे.

शिरीष चकती घेऊन शेजारी उभा राहिला. त्याला वाटलं, नजर गेलीय, कळत नसेल.

"वस्ताद, झालं की."

खर्र... खर्र...

"अहो, बुजवायचंच आहे ना ते? मग कड कशाला घासताय?"

कानस थांबली...

वस्तादांनी छिद्रावर शेवटची फुंकर मारली आणि कानस शिरीषच्या हातात दिली.

"बुजव की," ते म्हणाले. "पण आधी त्या म्हातारीचं बोट बाहेर काढ."